वात एकदाच जळली, एक स्टार!

ऑनलाइन धंदा करणाऱ्याच्या घरात माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल निदान कुरिअरवाला घेऊन तरी जातो. किस्से मात्र जागेवरच राहतात, आणि पाहुणे आले की मी ते काढून बसते.

आमचा माल म्हणजे कापसाच्या वाती. फुलवाती, तेलवाती, तुपात भिजवलेल्या वाती. कल्याण पूर्वेला आमच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत पॅकिंग चालतं. आजूबाजूच्या आठ बायका घरी बसून वाती वळतात, मी आणि मालूताई त्या पाकिटात भरतो. लोक म्हणतात, "वातीत कसली आलीय तक्रार?" या एकदा, चहा घ्या आणि आमचे रिव्ह्यू वाचा!

*

पहिला एक स्टार मला अजून तोंडपाठ आहे. "एकदाच वापरली. जळून संपली. पैसे वाया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, वात आहे ती! जळणारच ना!" मी फोनवर ओरडले, जसा काही तो माणूस फोनच्या आत बसलेला. उत्तरात मी बरंच काही टाइप केलेलं. मालूताईनं हातातून फोनच काढून घेतला.

मालूताई आंबिवलीकडच्या गावातली. तोंडानं फटकळ, पण माझ्यापेक्षा डोकं शांत. ती म्हणाली, "अगो बाय, राग कशाला करतेस? त्याला वाटला आसंल बल्ब हाय!"

*

मग एका मॅडमनी दोन स्टार दिले. "फोटोत जास्त पांढरी दिसत होती."

मी वात उजेडात धरून बघितली, पाकीट बघितलं, फोटो बघितला. कापूस तो कापूसच! मालूताईनं एकदाच मान वर केली.

"मंग काय, पावडर लावून धाडू?"

*

ठाण्याच्या एका गृहस्थांनी मात्र आम्हाला घाम फोडला. एक स्टार, आणि खाली: "मिठाई अत्यंत बेचव. साखर घालायला विसरलात का? मुलांनीसुद्धा तोंड वाकडं केलं."

मिठाई? आम्ही मिठाई कधीपासून विकायला लागलो? मग डोक्यात प्रकाश पडला. तुपातल्या वाती! साच्यातून काढलेल्या, गोल, पांढऱ्या, छोट्या पेढ्यासारख्या दिसणाऱ्या. मी कपाळाला हात लावला. माणसानं देवाच्या वाती खाल्लेल्या!

पोटाला काही झालं तर काय, या भीतीनं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खात्यावरून रिव्ह्यू बदलून आला. पाच स्टार!

"कालचं माझ्या मिस्टरांनी लिहिलेलं. डबा फ्रिजमध्ये होता. त्यांनी चार खाल्ल्या, चौथीला दोरा दाताला लागला तेव्हा मला विचारलं. त्यांची आणि मुलांची तब्येत ठीक आहे. वाती छान जळतात."

*

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे सासरे. एका सरकारी कचेरीच्या तक्रार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली.

वाती खरं तर सासूबाईंच्या. दुपारी जेवण झालं की त्या मांडीवर पाट घेऊन वाती वळायच्या आणि अप्पा शेजारी पेपर वाचायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत, पण उठायचेही नाहीत. सासूबाई गेल्या आणि अप्पा गप्पच झाले. दिवसभर खिडकीत बसून असायचे. जेवलात का, तर 'हो'. चहा करू का, तर 'नको'. दाढी चार चार दिवस तशीच. मला त्यांची काळजी वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटायची. आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस हळूहळू कमी होत चाललाय आणि आपण वाती मोजतोय, असं व्हायचं.

एक दिवस मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. "अप्पा, या तक्रारींना तुम्ही उत्तरं द्या. मी दिली की भांडणं होतात."

त्यांनी चष्मा शोधला. मी मनात म्हटलं, देवा, सापडू दे!

*

अप्पांची पहिली केस. एका गृहस्थांनी एकशे आठ वातींचं पाकीट खरोखर मोजलं आणि एकशे सात भरल्या.

मी नवीन पाकीट पाठवणार होते. अप्पा म्हणाले, "तक्रार एका वातीची आहे. पाकीट कशाला?" त्यांनी कोरा कागद घेतला आणि दाढी करून, टेबलाशी बसून, स्वच्छ अक्षरात लिहिलं: "महोदय, आपली तक्रार प्राप्त झाली. मोजणीत एक वात कमी आढळली ही बाब खेदजनक आहे. सदर वात सोबत जोडली आहे." आणि खरंच कागदाला टाचणीनं एक वात जोडली, पाकिटावर तिकीट लावलं आणि स्वतः चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकून आले. कितीतरी दिवसांनी ते घराबाहेर पडले होते.

आठवड्यानं त्या गृहस्थांचे पाच स्टार आले. "वात मिळाली. टाचणी परत पाठवू का?"

अप्पा हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

*

तेव्हापासून एक स्टार आला की मला आनंद व्हायला लागला! कुठला दुकानदार असं म्हणेल? पण अप्पांची दाढी रोज व्हायला लागलेली. तक्रार आली की एक पत्र जायचं.

फक्त कौतुक करणाऱ्यांना ते उत्तर द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, "अप्पा, या बाईंनी बघा किती गोड लिहिलंय. आभार तरी माना."

"तक्रार आहे?"

"नाही हो."

"मग उत्तर कशाचं देऊ? फाइल बंद."

*

आणि मग आल्या विठ्ठलवाडीच्या विमलताई. पहिली तक्रार, "वातीचा पीळ सैल आहे." एक स्टार. अप्पांनी पीळ या विषयावर दोन पानं लिहिली. पुढच्या महिन्यात बाईंची परत ऑर्डर, परत एक स्टार. "कापसात सरकीचा तुकडा सापडला." अप्पांचं पत्र. त्यानंतरच्या महिन्यात, "वातींना वास येतो, पण कसला ते सांगता येत नाही."

अप्पा खूश. "बाई मुद्देसूद लिहितात."

मी मात्र वैतागलेली. वाती एवढ्या नावडतात तर दर महिन्याला घेता कशाला? आणि विठ्ठलवाडी आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर! पार्सल आधी कुठल्यातरी गोदामात जाऊन, चार दिवस फिरून परत आमच्याच दारावरून पुढे जायचं, ते या बाईंचा एक स्टार आणायला.

दिवाळीच्या तोंडावर, ज्या साइटवर आम्ही माल विकतो त्या कंपनीचा मेल आला. रेटिंग चारच्या खाली घसरतंय, अजून घसरलं तर आमचा माल दिसणं बंद होईल. त्याच मेलमध्ये दुसरी ओळ: ग्राहकाच्या पत्त्यावर परस्पर पत्रं पाठवू नयेत, नाहीतर खातंच बंद. अप्पांच्या पत्रांचं कोणीतरी कंपनीला कळवलेलं.

आठ घरांची दिवाळी त्या खात्यावर होती. मी अप्पांना मेल वाचून दाखवला.

अप्पांनी पेनाचं टोपण लावलं. "बरोबर आहे. वरून आदेश आला की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी ते परत खिडकीत. दाढी नाही. चहा करू का, तर 'नको'. मालूताई पाकिटं भरता भरता थांबली. "म्हातारा परत तिथंच बसला गो. मना नाय बघवत," म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. मालूताईला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

*

त्याच आठवड्यात विमलताईंचे दोन एक स्टार आले. दोन! दुसऱ्याखाली लिहिलेलं, "मागील तक्रारीचे उत्तर अद्याप नाही."

झालं! माझं डोकंच फिरलं. लेबलवरचा पत्ता घेतला, मालूताईला रिक्षात घातलं आणि निघाले भांडायला. वाटेत काय काय बोलायचं ते तीनदा म्हणून बघितलं.

दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या, ताठ, शाळेतल्या बाईंसारख्या दिसणाऱ्या आजींनी. शाळेतल्याच होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. आम्ही वातीवाल्या म्हटल्यावर त्या एकदम घाबरल्या.

"बरे आहेत ना ते?"

"कोण?"

"पत्र लिहिणारे. एकदम पत्र यायचं थांबलं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून आणखी एक ऑर्डर टाकली."

पाठ केलेलं सगळं भांडण मी विसरले. मी विचारलं, "मावशी, आमच्या वाती खरंच इतक्या वाईट आहेत?"

"छे गं! फार सुरेख आहेत. सुरुवातीला मी पाचच स्टार दिलेले. पण काही उत्तर नाही. मग एकदा पीळ जरा सैल निघाला, तसं लिहिलं, तर हे दोन पानी पत्र आलं!" त्या पदराशी चाळा करत बसल्या. "मला पत्र येऊन किती वर्षं झाली असतील, सांग बघू."

मालूताई म्हणाली, "मावशी, पाणी देता का?" तिला तहान लागलेली नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. आठ बायका, रेटिंग, मेल, खिडकीतले अप्पा. विमलताईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, माझ्यामुळं?" तिथल्या तिथं, कुठं दाबायचं ते मला विचारून विचारून, त्यांनी आपले सगळे एक स्टार पाच करून टाकले. पत्र यापुढे येणार नाही, फार तर रिव्ह्यूखाली चार ओळी लिहिता येतात, हेही मी त्यांना सांगितलं.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. मग आम्हाला चहा केला. जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

घरी मी अप्पांना काहीच सांगितलं नाही. काय सांगणार?

*

दिवाळी नीट झाली. माल दिसत राहिला, बायकांच्या हाताला काम राहिलं. अप्पा तेवढे खिडकीत.

भाऊबीज झाल्यावर विमलताईंची ऑर्डर गेली आणि चार दिवसांनी रिव्ह्यू आला. पाच स्टार. मी वाचला आणि फोन तसाच अप्पांच्या हातात दिला.

"वाती उत्कृष्ट आहेत. मात्र समईत लावल्यावर ज्योत नेहमी डावीकडे झुकते. वारा नाही, खिडकी बंद आहे. दोष समईचा, घराचा, की माझ्या डोळ्यांचा, हे एकटीला ठरवता येत नाही. जाणकाराने खुलासा करावा."

अप्पांनी एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

मी म्हटलं, "अप्पा, खाली चार ओळी लिहायला परवानगी आहे हं. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

अप्पा खुर्चीतून उठले. गालावरून हात फिरवून बघितला.

"चार ओळींत मिटणारं प्रकरण नाही हे, वैशाली. असल्या तक्रारीत स्थळपाहणी करावी लागते. माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेव."