आणखी एक पिळा

“गाडी ओढते म्हणजे काय? बैल आहे का ती?” भावोजी म्हणाले.

“उजवीकडे ओढते. आणि खड्डा आला की सगळा दणका मनगटात येतो. किती वेळा सांगू?” ताईने हेल्मेट टेबलावर आपटलं नाही, पण ठेवलं असंही म्हणता येणार नाही.

“रस्ताच उजवीकडे उतरता आहे.”

“मग परत येताना डावीकडे ओढायला हवी ना? येतानाही उजवीकडेच जाते.”

भावोजींनी हँडल धरल्यासारखे हात करून पाहिले. “मग तू एका अंगावर बसत असशील.”

त्यांच्या आई, म्हणजे ताईच्या सासूबाई, पंख्याखाली मटार सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “घ्या! आता चाकाचा दोष बसणारीच्या बुडावर.”

मी दोन दिवस विश्रांतीला म्हणून बहिणीकडे आले होते. रविवारी आमच्याकडे अगदी निवांत असतं, असं तिने फोनवर सांगितलं होतं.

ताई एका दवाखान्यात नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची हे तिचं काम. त्यासाठी तिने मोटारसायकल घेतली. स्कूटरची चाकं लहान, वाटेतल्या खड्ड्यांत पार बुडतात, म्हणून. भावोजी स्वतः कधीच गाडी चालवत नाहीत. पण गाडीचं पुढचं चाक मात्र सर्वस्वी त्यांच्या ताब्यात आहे. पंक्चर होवो, ग्रीस भरायचं असो, चाक काढणार ते आणि बसवणार ते. गॅरेजवाल्याने त्याला बोट लावायचं नाही.

याला कारण आहे. गाडी नवी असताना एका गॅरेजवाल्याने पंक्चर काढून चाक बसवलं आणि चाकाच्या दांड्याचा, म्हणजे एक्सलचा, नट तसाच ढिला ठेवला. ताई घरी आली ती पुढचं चाक डुगडुगतं आहे म्हणतच. भावोजी खाली वाकले, नटाला बोटं लावली, तर तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.  दुसऱ्या दिवशी ते पान्यांचा सेट घेऊन आले.

एरवीही हा माणूस कशावर विश्वास ठेवणारा नव्हेच. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर त्यांची सारी नोकरी झाली. तिथे कुठलाही व्हॉल्व्ह ठिबकला की साहेब आधी यांना बोलावणार. जे गळतं ते माणसाच्या ढिलाईने गळतं, हे त्यांच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. घरात त्यांनी बंद केलेला नळ उघडायला दोघी लागतात. साखरेच्या बरणीचं झाकण सासूबाई दाराच्या फटीत धरून फिरवतात. चष्म्याचा स्क्रू त्यांनी एकदा स्वतः आवळला, त्याची काडी अजून दोऱ्याने बांधलेली आहे. आणि कितीही घट्ट झालं तरी शेवटी दात-ओठ खात आणखी एक पिळा द्यायचाच. तो दिल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

“याला प्रेम म्हणावं तर मनगट दुखतं,” ताई मला एकदा म्हणाली होती, “आणि नाही म्हणावं तर पाप लागतं.”

पण या रविवारी प्रकरण मनगटाच्या पुढे गेलं होतं. आदल्या दिवशी एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलताना ताईची बोटं बधीर झाली आणि कात्री खाली पडली. नशीब, जमिनीवर पडली. ते मेट्रनबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, हात असेच राहिले तर तुला फिरतीवर पाठवता येणार नाही, स्टोअरला बस, कापूस मोजायला माणूस हवाच आहे.

“मी कापूस मोजणार नाही,” ताई म्हणाली. “माझे पेशंट दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि हा सगळा तुमच्या चाकाचा प्रताप आहे.”

“चाक दगडासारखं घट्ट आहे.”

“तेच तर! आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने काल बघितलं. तो म्हणाला, उजव्या शॉकअपच्या, त्या खड्ड्यात दबणाऱ्या नळीच्या, टोकाला एक्सलला आवळून धरणारे जे दोन बारके बोल्ट आहेत, ते तुम्ही आधी आवळता.”

“मग? बारकं काम आधी, मोठं नंतर.”

“ते शेवटी आवळायचे असतात! पुढचं चाक अधांतरी असताना तो शॉकअप तुम्ही जिथे असेल तिथे जखडून टाकता. मग दोन्ही शॉकअप एकमेकांत अडकल्यासारखे होतात, दबत नाहीत. दणका खाणार कोण? मी!”

“ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर,” भावोजी मला म्हणाले, जणू मी पंच होते. “त्याच्या स्वतःच्या गाडीचं दार तारेने बांधलेलं असतं.”

“बरं, ड्रायव्हरचं राहू द्या. माझं ऐका. हात मोडलेल्या माणसाला मी झोळी बांधते, तेव्हा आधी गाठ मारते का? आधी त्याचा हात सुखाने जिथे टेकेल तिथे टेकू देते, मग गाठ. तुम्ही आधी गाठ मारता आणि मग हाताला सांगता, आता सुखी हो.”

सासूबाईंनी मटारची शेंग बाजूला ठेवली. “हे मला पटलं.”

“तुला तिचं सगळंच पटतं,” भावोजी म्हणाले. पण ते उठले.

गाडी जिन्याखालच्या पॅसेजमध्ये होती. ताईने पाने स्वतःच्या हातात घेतले आणि भावोजींना तिसऱ्या पायरीवर बसवलं. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक उचलून ठेवलं. मग तिने ते दोन बारके बोल्ट सोडले. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. पान्यावर उभी राहिली तेव्हा कुठे ते करकरत हलले.

“बघितलंस, कसे बसलेत?” भावोजी अभिमानाने म्हणाले.

मोठा नट सोडून तिने एक्सल थोडा मागे घेतला, पुसला, ग्रीसचा हात फिरवून पुन्हा आत सरकवला, आणि डाव्या बाजूचा मोठा नट व्यवस्थित आवळला. बारके बोल्ट ढिलेच ठेवले. ठोकळा काढून गाडी जमिनीवर घेतली, मला मागून धरायला लावलं, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडलवर सगळं वजन टाकून गाडी खाली दाबली. सोडली. पुन्हा दाबली. सुरुवातीला शॉकअप कुरकुरत अर्ध्यावर थांबत होते. चारपाच वेळा झाल्यावर आतून काहीतरी हललं, आणि पुढचा भाग एकदम मऊपणे खाली जाऊन वर आला.

“शॉकअप गेला बघ जागेवर,” ताई म्हणाली. मग आखूड पाना घेऊन तिने ते दोन बोल्ट आळीपाळीने आवळले, थोडा हा, थोडा तो. आणि थांबली.

“बस्स?” भावोजी पायरीवरून म्हणाले.

“बस्स.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मला बघवत नाही.”

“मग वर जा.”

ते गेले नाहीत. ताईने ब्रेकची मूठ चारदा दाबून पाहिली, हेल्मेट घातलं आणि गाडी बाहेर काढली. ती दिसेनाशी झाली तसे भावोजी फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हाताची बोटं मोकळ्या हवेतच काहीतरी पिळत होती. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. चाक निखळलेलं त्यांना जणू दिसतच होतं.

ताई परत आली ती चेहरा उजळून. मुद्दाम त्या सगळ्या खड्ड्यांवरून गेले, म्हणाली. “सरळ चालते. हँडल सोडलं तरी सरळ. आणि हात बघ.” तिने दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. बोटं स्थिर होती. किती दिवसांनी तिला मी अशी मोकळी हसताना पाहत होते.

“नट बघितलास?” भावोजींनी विचारलं.

“बघितला. चहा टाकते.”

चहा उकळत होता. सासूबाई सांगत होत्या, आता उद्या त्या मेट्रनबाईला जाऊन तुझे हात दाखव. तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच.

आम्ही तिघी खाली गेलो. भावोजी गाडीपुढे उकिडवे बसले होते. आखूड पान्याला त्यांनी हातभर लांब पाइप जोडला होता. उजव्या शॉकअपच्या टोकाचा जो भाग एक्सलला कवेत घेतो, त्याला मधोमध चीर गेली होती आणि एक बोल्ट वेडावाकडा लोंबत होता.

“मी फक्त खात्री करत होतो,” ते म्हणाले.

ते ताईकडे वळले.

“तू उद्या नदीच्या पुलावरून जाणार. खाली किती खोल आहे माहीत आहे ना? मला वाटलं, एकच पिळा...”

“वाटलं!” सासूबाई म्हणाल्या. “अरे, तिने बसवलं, तिने चालवलं, ती जिवंत परत आली. आणखी काय दाखला हवा होता तुला?”

भावोजींनी पाइप पान्यातून काढला आणि शर्टाने पुसायला लागले. ताई खाली बसली. तिने त्या चिरेवरून अंगठा फिरवला, जसा ती सुजलेल्या पायावरून फिरवते, तसा हलकेच. मी वाट बघत होते की आता भडका उडेल. तो उडाला असता तर भावोजींनाही बरं वाटलं असतं. पण ती उठली, वर आली, मोरीत साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि टॉवेलने एकेक बोट पुसत दारात उभी राहिली. तोवर आम्हीही वर आलो होतो.

“उद्या गॅरेजवाला टेम्पो आणून गाडी घेऊन जाईल,” ती म्हणाली. “नीट झाली की ती दवाखान्याच्या शेडमध्ये राहील. शेडची किल्ली माझ्याकडे असेल. मी इथून बसने जाईन, तिथून गाडीने पेशंटकडे जाईन, आणि संध्याकाळी बसने घरी येईन.”

“आणि पंक्चर झालं तर?” भावोजींनी विचारलं.

“तर चाक मी बसवेन. तिथेच.”

“मी नुसता येऊन बघत जाईन. हात लावणार नाही.”

“नाही,” ताई म्हणाली. “गाडी या घरात परत येणार नाही. आणि तुम्ही शेडमध्ये येणार नाही.”