‘ने’ म्हणजे नाही

वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे खळताई म्हणत. हाताला कायम खळीचा वास, आणि काम असं की सांधलेलं पान बोटाने चाचपलं तरी सांधा लागू नये. वडील लवकर गेले. तिने शाळा सोडून हे काम धरलं आणि धाकट्या बहिणीला शिकवलं. धाकटी चार भाषा शिकली, दुभाषी झाली. खळताईला त्याचा कोण अभिमान!

अकरा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख आले होते. दोन वर्षं आपल्याकडे कामाला न्यायला त्यांना एक कारागीर हवा होता. खळताईने जोडलेलं पान त्यांनी उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, आणि पाहतच राहिले. दुभाषी म्हणून धाकटीच सोबत होती.

खळताईने धीर करून म्हटलं, "विचार ना गं, मला नेतील का?"

धाकटीने विचारलं. ते म्हणाले, "ने, ने."

"नाही म्हणताहेत, ताई."

शंका यायला जागाच नव्हती. घराखालच्या बेकरीवालीची भाषाही परकीच. तिची लेक भट्टीकडे धावली की ती ओरडायची, "ने! ने!" म्हणजे नाही. धाकटी पुढे त्यांच्याशी आणखी काही बोलली, तसा त्यांचा चेहरा उतरला. खळताईला वाटलं, बिचाऱ्यांना आपली दया आली. ती पुन्हा खळ ढवळायला बसली. पुढची नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तिनेच केलं.

आई गेल्यावर दोन वर्षांनी एक परदेशी म्हातारी फोटोंचा विस्कटलेला अल्बम घेऊन आली. खळताईने हाताने शिवून दाखवत विचारलं, "शिवून देऊ?"

"ने," म्हातारी म्हणाली.

खळताईने अल्बम मिटून परत केला. म्हातारीने तो पुन्हा पुढे सरकवला, मान खाली झुकवली, "ने, ने!" तिसऱ्यांदा अल्बम पुढे आला तेव्हा खळताईने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. म्हातारीने ज्या देशावर बोट टेकवलं, तो त्या प्रमुखांचाच देश होता.

तिथे ‘ने’ म्हणजे हो. आणि आपल्या भाषेत तर सरळसरळ, घेऊन जा! खळताईने अल्बम ठेवून घेतला.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ते हो म्हणाले होते ना?"

धाकटीने टॉवेल तसाच धरून ठेवला. "तू गेली असतीस तर आईचं सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं, ताई. माझं नुकतं कुठे मार्गी लागत होतं."

"मग तसं सांगायचंस. मीच थांबले असते."

"माहीत होतं मला. थांबली असतीस, वर एका शब्दाने बोलली नसतीस. ते मला सहन झालं नसतं गं. मी एक शब्द फिरवला फक्त."

"मी तुझ्या तोंडून जग ऐकत होते," खळताई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

अल्बमवाली म्हातारी आता आठवड्यातून दोनदा येते. तिच्याकडून खळताई त्या भाषेतली अक्षरं गिरवायला शिकली. मोडक्यातोडक्या भाषेत तिने त्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं, की तेव्हाचा निरोप मला चुकीचा कळला. दीड महिन्याने उत्तर आलं. प्रमुख वारले होते. त्या वर्षीच्या नोंदीत लिहिलं होतं: ‘निवड झाली. उमेदवाराने स्वतःच नकार दिला. काम आवडत नाही, असं कारण सांगितलं.’

एक शब्द फिरवला फक्त, म्हणे!

हे पत्र तिने धाकटीला दाखवलं नाही. तिचा फोन आला की दोन शब्द बोलून ठेवते. वाचून अर्थ सांगायला आता तिची गरज उरली नाही.