आधी सांगून

ती केस कापायची, आणि हात लावण्याआधी सांगायची सवय तिला एका गिऱ्हाइकाने लावली. पहिल्याच दिवशी तो खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "मला ऑटिझम आहे. न सांगता कुणी हात लावला की मी उठून जातो. मागच्या दोन्ही सलूनमधून अर्धे केस कापून गेलोय."

तेव्हापासून ती सांगू लागली. "उजवा कान. आता मान. आता मशीन, आवाज येईल." तो पाण्याचे मीटर तपासायचा आणि मीटरबद्दलच बोलायचा. तिच्याकडे बघायचा तो फक्त आरशात. वर्षभराने आरशातल्या तिलाच त्याने लग्नाचं विचारलं. शेजारच्या खुर्चीतल्या बाई तिच्या वतीने "अगं बाई!" म्हणाल्या.

घरी आईने मुद्द्यालाच हात घातला. "त्याला तू हवीस, की आधी सांगून केस कापणारी हवी? कधी तुझा हात तरी धरलाय त्याने?"

नव्हता धरला. हो म्हणणं तेवढ्यावर अडलं. कात्री चालवताना, जेवताना, तिला तेच सलत राहिलं.

रविवारी तो घरी आला. आईने पुढे केलेली खुर्ची त्याने उचलून फिरवली आणि आईकडे पाठ करून कपाटाच्या आरशासमोर बसला.

"हे काय आणखी?" आई पुटपुटली.

"आता बोलता येईल," तो आरशातल्या आईला म्हणाला.

समोर आरसाच आल्यामुळे आईने आधी केस सारखे केले. "माझ्या मुलीला सांभाळाल ना?"

"ती स्वतःला सांभाळते. मी भांडी घासेन."

"आणि उद्या हिच्यापेक्षा चांगली केस कापणारी भेटली तर?"

तो विचारात पडला. आईला वाटलं, सापडला.

"तर केस तिच्याकडून कापून घेईन," तो म्हणाला. "ही दिवसभर उभी असते. घरी आल्यावर पुन्हा माझे केस कशाला?"

मुलगी सवयीने त्याच्या खुर्चीमागे उभी होती. त्याने आरशात तिच्याकडे पाहिलं.

"डावा हात," तो म्हणाला.

मग खांद्यावरून हात मागे नेऊन त्याने तिचा डावा हात धरला. गळका नळ दाबून धरावा तसा, घट्ट.

"आता सोडतो," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली. "घाई नाहीये कुणाला."