नाईक बागुल आणि माझा उजवा गुडघा

उत्तरेकडच्या त्या उंच ठाण्यावर आमची कंपनी ऑक्टोबरमध्ये चढली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, हवालदार, सेक्शन कमांडर. गाव एरंडोल तालुक्यातलं. ठाण्यावर खानदेशातला दुसरा माणूस एकच, पिंपळनेरचा नाईक धनराज बागुल. तो नर्सिंग असिस्टंट होता. डॉक्टर खाली बेसवर. वर जे काही होईल ते बागुलच्या हाती.

दिवस ठरलेला असे. पाचला उठायचं, साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग बर्फ हटवणं, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. अंगावर वीस किलोचं ओझं.

ट्रेनिंगमध्ये माझ्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन झालं, मी पुन्हा पळू लागलो आणि विसरलो. आता तो सकाळी आखडायचा. उतारावर कळ मांडीपर्यंत जायची. सांधे झिजतात ते म्हाताऱ्यांचे, अशी माझी समजूत. शिवाय पुढच्या वर्षी प्रमोशन कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स होता. रिपोर्ट केलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येणार. सुट्टीतून आणलेल्या गोळ्या मी गुपचूप खात होतो.

बागुल माझी चाल बघत होता. एकदा चहाच्या वेळी जवळ आला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला,

"भाऊ, तुना गुडघा दुखस. कसाले दडावस?"

"थंडी शे रे."

"थंडी बठ्ठासले शे. लंगडस तू एकलाच."

मी त्याला गप्प केलं. मी हवालदार होतो, तो नाईक.

जानेवारीत सहा जणांचं पेट्रोल घेऊन निघालो. बागुल सोबत होता. अकरा वीसला, उतारावर, गुडघा अडकला. वाकेना की सरळ होईना. हवा बिघडत होती. माझ्या माणसांनी मला साडेचार तास वाहून आणलं. त्यातल्या एका शिपायाची दोन बोटं हिमदंशाने पांढरी पडली. बागुल रात्रभर त्याच्याजवळ बसून होता. बोटं वाचली.

सकाळी तो माझ्याकडे आला. "मी डॉक्टरले सांगसू."

"प्रमोशन जाईल माझं."

"जाऊ दे. काल सहा जनस्ना जीव धोकामा व्हता."

त्याने रेडिओवर डॉक्टरला सांगितलं. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

मला खाली नेल्यावर बेसवरच्या डॉक्टर, कॅप्टन मॅडमनी एक्स-रे दाखवला. "जुन्या दुखापतीमुळे सांधा लवकर झिजलाय. गुडघा बदलण्याचं वय नाही तुमचं. आहे तोच सांभाळायचाय." कॅटेगरी खाली आली. कॅडर गेला. मला बेसवर स्टोअरची ड्यूटी मिळाली.

महिन्याभराने बागुलची बदली बेसवर झाली. दुसऱ्या दिवशी पाच तीसला तो टॉवेलची गुंडाळी घेऊन माझ्या कॉटपाशी उभा.

"गुडघ्याखाली ठेव. मांडी आवळ. दहा मोज. सोड."

मॅडमनी लिहून दिलेला एकेक व्यायाम त्याने करून घेतला. पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, पळण्याऐवजी सायकल, चालताना दोन काठ्या. रोजच्या गोळ्या बंद. माझं आठ किलो वजन त्याने लंगरमध्ये जेवताना शेजारी बसून उतरवलं. माझ्या ताटातला तिसरा पराठा तो उचलायचा. कधी दुखण्याला घाबरून मी थांबलो तर म्हणायचा, "उद्या सकाळपर्यंत दुखलं तर कमी करू. नाही दुखलं तर वाढवू." त्याचा स्वतःचा गुडघा धडधाकट. तरी माझ्याबरोबर प्रत्येक व्यायाम करायचा, एकही आकडा न चुकवता. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी चढ पुन्हा चढू लागलो. झीज होती तेवढीच होती.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये, वरच्या ठाण्यावर एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी झालं. हेलिकॉप्टर येईना. बागुल ऑक्सिजन घेऊन चालत वर गेला, दिवसभर त्याच्यापाशी राहिला आणि दुसऱ्या सकाळी स्ट्रेचरबरोबर निघाला. नऊ वाजून दहा मिनिटांनी नाल्यात बर्फ कोसळला. स्ट्रेचर पार गेलं होतं. बागुल शेवटी होता.

शोधपथकात माझं नाव नव्हतं. मी कंपनी कमांडरांसमोर उभा राहिलो.

"गुडघा?"

"चढेन, सर. उतरताना वजन घेता येणार नाही."

हे वाक्य वर्षभरापूर्वी माझ्या तोंडून निघालं नसतं.

"ठीक. रोप पॉइंटवर दोर आणि रेडिओ तुझा."

तीन तास चढून मी जागेवर पोहोचलो. दोन पस्तीसला रेडिओवर पथकाचा आवाज आला.

"सापडला. ओव्हर."

"स्थिती? ओव्हर," मी विचारलं.

"नो पल्स. ओव्हर."

मी तो संदेश तसाच खाली दिला. बागुलला खाली उतरवलं तेव्हा दोर माझ्या हातात होता.

आता मी निवृत्त आहे, जळगावात राहतो. तलावावर पळायला येणारी पस्तिशी-चाळिशीतली माणसं गुडघे चोळत विचारतात, आता सगळं सोडायचं का? मी सांगतो, आधी डॉक्टरला खरं सांगा, मग मांडी मजबूत करा. हे मला कोणी शिकवलं तेही सांगतो.

दर मार्चला धुळ्यावरून पिंपळनेरला जातो. बागुलचे वडील, आबा, ओट्यावर वाट बघत असतात. गेल्या वर्षी स्ट्रेचरवरचा तो जवानही आला होता, दूरच्या राज्यातून. आबांनी त्याला जवळ बसवलं, छातीवर हात ठेवला.

"आते दम लागस नही ना, बेटा?"

मी हिंदीत सांगितलं.

"नहीं, बाबा."

आबांनी मान हलवली. हात मात्र बराच वेळ तिथेच होता.