विळा घेऊन फिरायला

आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसली की प्रश्न ठरलेला, "कुठं निघालासा?" पुरुष दिवसभर पारावर बसून राहिला तरी त्याला कुणी विचारत नाही, का बसलाय म्हणून. याची मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

आईची शुगर वाढली. कडेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी चाला, नाहीतर गोळीवर भागणार नाही, सुई लागेल. आईला सुईचं भ्या नव्हतं. तिच्या थोरल्या बहिणीचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण चालायचं कुठं? डांबरी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. उरली पाणंद, शेताशेतांतून ओढ्यापर्यंत जाणारी जुनी गाडीवाट. तीही माझ्या सख्ख्या चुलत्यानं नांगरून निम्मी उसाखाली घातलेली.

मी पडले चळवळीतली. कशावरही माझा इलाज एकच, पत्रक! 'पाणंद गावाची, कुणाच्या बापाची नाही!' असा मथळा ठोकला, खाली 'चाला, आजार पळवा', आणि घरोघर वाटलं. चुलत्याच्या दारातही टाकलं. संध्याकाळी तो पत्रक हातात घेऊनच आला.

"कुणाचा बाप काढलास गं? माझा बाप म्हंजी तुझा आजाच की!"

आई पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाणंदीवर दुसऱ्या दिवशी कोण आलं? कुणीही नाही.

"पत्रकानं शुगर उतरती व्हय?" आई म्हणाली. आणि सकाळी विळा आणि रिकामं पोतं घेऊन ती निघाली. हातात विळा म्हणजे काम, कामाला निघालेल्या बाईला कोण अडवतंय! ओढ्यापर्यंत झपाझपा जायचं आणि येताना पाणंदीच्या कडेचं गवत कापून आणायचं. आठवड्यात चार-पाच जणी झाल्या. शेजारच्या बांगडीवाल्या भाभीही विळा घेऊन यायला लागल्या. त्यांच्या घरात साधी शेळी नव्हती, त्यांचं गवत आमच्याच म्हशीपुढं पडायचं.

मी भडकलेच. "चालणं हा तुझा हक्क हाय आई! चोरून कशाला चालायचं?"

"तुझा हक्क तू लिही. मला पाय पायजेत."

मग मीही विळा उचलला. अरुंद वाटेत उसाची पानं हातावर सपासप ओरखडे काढायची. चुलता बांधावरून बघायचा. बांधाकडचं गवत फुकटात निघत होतं, त्यामुळं तक्रारीलाही त्याला जागा नव्हती. ऊस कारखान्याला गेला आणि तोडलेल्या बुडख्यांचा खोडवा राखताना त्यानं पाणंदीत घातलेल्या उसाच्या दोन सऱ्या मोडून टाकल्या.

"पान कापतंय बायकांना," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "आन तुझ्या काकीला बी न्या संगं. गुडघं धरल्यात तिचं. लिव्ह आता पत्रकात, बापानं वाट सोडली म्हणून!"

ते पत्रक मी अजून लिहिलेलं नाही. लिहीन. कारण मोडल्या दोनच सऱ्या, अजून तीन पाणंदीतच आहेत.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि सुईचं नाव काढलं नाही. आई दवाखान्यातून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा न करता चालत आली, माझ्या पुढं.

उन्हाळ्यात गवत वाळलं. कापायला काही उरलं नाही, तरी सकाळी आई दाराबाहेर पडली. विळा खुंटीलाच होता. पारावरून हाक आलीच, "कुठं निघालासा?"

"कुठंच न्हाई," आई चालता चालता म्हणाली. "चालायला."

मागून काकी आली, तीही मोकळ्या हातानं. भाभींनी तेवढा अजूनही विळा आणला होता.