भाकरीवरची गोळी

डोकेदुखीची साधी पांढरी गोळी माझ्या मोठेबाबांनी जितकी मनावर घेतली, तितकी ती ज्याने शोधून काढली त्यानेही घेतली नसेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मंगरूळपीरच्या बाहेर त्यांची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. बाजारातून ते गोळ्यांची पुडी आणत आणि अडकित्त्याने एकेका गोळीचे चार तुकडे करत. डोक्याला पाव, दाढेला अर्धी, कमरेला पाऊण, हा त्यांचा कायदा. आख्खी गोळी फक्त विंचू चावला तर, आणि तीही मारलेला विंचू समोर आणून दाखवल्यावर.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना एकदा सांगितलं होतं, की ही गोळी ठणका मारते, पण रिकामं पोट जाळते. तेव्हापासून मोठेबाबा गोळीचा न्यायनिवाडा करू लागले. "फायदा बी पाहा लागते आन् नुकसान बी," असं म्हणत ते तुकडा बोटांत धरून उजेडात न्याहाळत. कोणी कपाळाला फडकं बांधून आलं, की पहिला प्रश्न, "जेवला काय?"

"नाई ना, काका. डोकं लय ठणकून राह्यलं."

"मंग आदी भाकर खाय."

मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, दुखरे गुडघे धरून उठायची आणि चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, वाढायची. दुसऱ्या भाकरीवर निम्म्या लोकांचं डोकं ठणकायचं आपोआप थांबे. मग मोठेबाबा विजयी मुद्रेने तो पाव तुकडा बटव्यात परत ठेवत. काही बिलंदरांचं डोकं तर बरोबर जेवणाच्या वेळेलाच उठायचं. मोठेबाबांना ते कळत असावं, पण त्यांनी कधी कोणाला भाकरीवाचून परत पाठवलं नाही.

अडचण एकच होती. मोठीआई दर सोमवारी कडक उपास करायची. पाण्याशिवाय तोंडात काही नाही. गुडघे तर सोमवार पाहून दुखायचे थांबत नसत.

"एवढासा तुकडा द्या ना जी," ती म्हणायची.

"पयले दोन घास खाय."

"उपास मोडून पाप नाई लावाचं मले."

"मंग उपाशीपोटी गोळी देऊन मले बी नाई लावाचं."

दोघेही हट्टाचे. शेवटी मोठीआईनेच वाट काढली. गोळी काही अन्न नव्हे, तिने उपास मोडत नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि बटव्यातले परत आलेले तुकडे दर सोमवारी गुपचूप गिळू लागली. एका सोमवारी दुपारी वांगी तोडता तोडता तिला रक्ताची उलटी झाली. आम्ही तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तिने मोठेबाबांना त्या तुकड्यांचं सांगून टाकलं. पोटाला जखम झाली आहे, गोळी कायमची बंद आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाहेर ओट्यावर बसल्यावर मोठेबाबा मला म्हणाले, "मी गोळीच पाहत राह्यलो रे. तिचे गुडघे पाह्यलेच नाई." त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, आणि मलाही रडू आवरलं नाही.

मोठीआई बरी झाली, पण सोमवार सोडायला तयार होईना. तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "तुहा उपास आता मी धरतो. तू जेव." जेवायला जरा उशीर झाला तर बैलांवरही ओरडणारा हा माणूस! दुपारपर्यंत भुकेने त्यांचंच डोकं धरायचं, आणि त्यांच्याच कायद्याने गोळी मिळायची नाही. मोठीआई संकोचून भाकर खायची आणि ते तिच्यासमोर बसून एरंडाची पानं शेकून तिच्या गुडघ्यांना बांधायचे.

पुढे काही वर्षांनी मोठीआई गेली. त्यानंतरच्या एका सोमवारी मी वाडीवर गेलो, तर मोठेबाबा उपाशीच. मला राहवलं नाही. म्हटलं, "मोठेबाबा, आता कोणासाठी धरता?"

ते वांग्याच्या वाफ्यातलं तण उपटू लागले.

"सोडू काय म्हणून तिले इचाराचं राहून गेलं," ते म्हणाले.