डब्ब्याले हवा
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मोताळ्यातला तो मे महिना आठवतो. प्रबंधासाठी मी डीएनएच्या एका अवाढव्य रचनेची हालचाल संगणकावर मांडत होते. अणू लाखो, प्रत्येकाची चाल मोजायची. संगणक तापून बंद पडायचा. म्हणून घरातला एकुलता कूलर मी त्याच्याकडे वळवला. घामाघूम सासूबाई म्हणाल्या, "माणसं उकडून राह्यले अन् तू डब्ब्याले हवा देऊन राह्यली! काऊन वो?" "आई, उद्या गाइड सरायले निकाल दाखवला नाई त माह्यं वर्ष जाते." त्या पदरानं वारा घेत बसल्या. संध्याकाळी संगणक थंडगार होता, पण क्षणाक्षणाची हालचाल साठवताना डिस्कच भरली आणि काम अर्ध्यावर थांबलं. "झालं का त्याचं पोट गार?" त्यांनी विचारलं. वर्ष गेलंच. आताचा संगणक कितीतरी मोठा आहे, पण रचनाही मोठ्या घेते, आणि डिस्क भरली की तितकाच संताप होतो.